कोरड्या तलावातली कमान

पाणी काढलेल्या पोहण्याच्या तलावात आवाज जरा उशिराने परत येतो. तुम्ही "ए" म्हणालात की समोरची भिंत थोडा विचार करते आणि मग "ए" म्हणते. गालमिस्त्रीला हे फार आवडायचं. सकाळी सगळ्यांच्या आधी तो लोखंडी शिडीने खोल बाजूला उतरायचा, चहाचा थर्मास कोपऱ्यात ठेवायचा आणि नुसता उभा राहायचा. चारी बाजूंनी निळं. वर आभाळाचा लांबट तुकडा. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली सरकत यायचं आणि फरशीवर असं थरथरायचं, की वाटावं पाणी गेलेलंच नाही, फक्त दिसत नाहीये.

मग तो एक पाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर टाकायचा, गुडघा ताठ करायचा आणि वाकून पायाचा अंगठा पकडायला बघायचा. अंगठा काही हाताला लागायचा नाही. मांडीच्या मागची शीर दोरीसारखी ताणायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो दात-ओठ खाऊन अजून ओढायचा.

"दाजी, शिडीला सोडा आता," वरून मेहुणा ओरडायचा. "पाय तुटेल तिचा."

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अठरा वर्षं दोघं बरोबर काम करत होते. मेहुणा सिमेंटचा मसाला कालवायचा, टाइल कापायचा, तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. टाइल बसवायचा फक्त दाजी.

गालमिस्त्री हे नाव त्याला कामावरच्यांनीच दिलेलं. फरशी बसवून झाली की सकाळच्या तिरप्या उन्हात तो गुडघे टेकायचा, हात टेकायचा, ढुंगण आभाळाकडे, आणि एक गाल थेट फरशीवर. एक डोळा मिटायचा. दुसऱ्या डोळ्याने फरशीभर बघायचा. नखाएवढी जरी एखादी कड वर आली असली तरी त्याला ती डोंगरासारखी दिसायची. लोकांकडे लेव्हलच्या नळ्या होत्या, लेझर होते. ह्याच्याकडे गाल होता. लेझरवाल्यांनी पास केलेल्या फरशा ह्याने गाल लावून नापास केल्यात.

पण वर्षभर झालं, त्या मागच्या शिरा आखडल्या होत्या. दोन्ही पायांच्या. खाली जाता यायचं कसंबसं. उठताना अर्ध्यावर शीर धरायची आणि हा तिथेच, घोड्यासारखा चार पायांवर. मग मेहुणा येऊन हात द्यायचा. पहिल्यांदा दोघं हसले. दहाव्यांदा कुणी हसलं नाही.

आणि मग एक दिवस डबा खाता खाता मेहुणा म्हणाला, अगदी प्रेमाने म्हणाला, "दाजी, हा तलाव झाला ना, की तुम्ही वर उभं राहायचं. साहेबासारखं. बोट दाखवायचं. खालचं मी बघतो, अजून एक माणूस घेऊ."

 गालमिस्त्रीच्या तोंडात घास फिरत राहिला. प्रेमाने म्हणाला म्हणूनच तर जास्त लागलं. भांडून म्हणाला असता तर ह्याने दोन सुनावल्या असत्या.

त्याने मनाशी ठरवलं. तलाव भरायच्या आधी सहाच्या सहा लेनला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपण गाल लावायचा. कुणाचा हात न घेता खाली, कुणाचा हात न घेता वर. जमलं तर थापी हातात राहील. नाही जमलं तर वर उभं राहायचं आणि बोट दाखवायचं, मरेपर्यंत.

त्याने अजून एक गोष्ट केली होती, ती मात्र कुणाला सांगितली नव्हती. चौथ्या लेनच्या उतारावर, जिथे उथळ बाजू खोल बाजूकडे घसरत जाते, तिथे त्याला वाकणंच होईना. तिथे त्याने टाइल उभ्याउभ्या सोडली आणि टाचेने दाबली. रबरी हातोडी नाही, हात नाही. टाच. सहा दिवस. टाइल दिसायला छान बसली.

*

तलावाच्या कोच बाई सत्तरीच्या होत्या. नव्या टाइलसाठी तलाव रिकामा झाल्यापासून त्यांची पंचाईत झाली होती. चाळीस वर्षं रोज सकाळी पोहणारी बाई, आता पोहणार कुठे? तर त्या रोज खाली उतरायच्या, तिसऱ्या लेनमध्ये उभ्या राहायच्या आणि चालायला लागायच्या. हात मात्र पोहत असायचे. एक हात पुढे, एक मागे, मान एकदा डावीकडे वळवून श्वास. भिंतीपाशी पोचल्या की हाताने भिंत शिवून वळायच्या. कोरड्या तलावात कोरडं पोहणं. मेहुणा आधी खी खी करायचा, नंतर त्यालाही ते इतकं खरं वाटायला लागलं, की त्या जवळून गेल्या की तो अंग चोरायचा, पाणी उडेल म्हणून.

चौथी लेन संपून पाचवी सुरू व्हायची होती, त्या सकाळी बाई श्वासासाठी मान वळवतात तर समोर गालमिस्त्री शिडीवर पाय टाकून कण्हतोय.

बाई पोहायच्या थांबल्या.

"काय चाललंय?"

"शीर मोकळी करतोय, मॅडम. आखडलीय."

"कधीपासून ओढताय?"

"वर्ष होईल."

"मग किती लांब झाली?"

गालमिस्त्रीने खरंच विचार केला. "नाही झाली. उलट..."

"उलट आखडली. उतरा खाली. झोपा."

"इथे?"

"मग काय गादी मागवू?"

गालमिस्त्री आडवा झाला. पाठीला थंडगार टाइल. खालून तलाव आणखीच खोल वाटत होता. बाईंनी गुडघे वाकवायला सांगितले, तळपाय जमिनीला टेकवायला सांगितले, आणि म्हणाल्या, "आता कंबर उचला. खांदे खाली, कंबर वर. तुमच्या भाषेत कमान करा."

त्याने कमान केली. तीन मोजेपर्यंत मांडीच्या मागे असा गोळा आला की तो बोंबललाच. थोड्या वेळाने समोरची भिंतही बोंबलली.

मेहुण्याचं डोकं वरून डोकावलं. "दाजी, झालं का? मुलगा की मुलगी?"

"गप रे!"

बाई हसल्या नाहीत. मिस्त्रीच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्याच्या मांडीच्या मागे बोट लावलं. "गोळा इथे आला ना? बघा. कंबर उचलायचं काम ह्याचं नाही. ते खुब्यामागच्या स्नायूचं. ज्याच्यावर तुम्ही बसता तो. अंगातला सगळ्यात मोठा गडी. आणि तुमचा तो गडी झोपलाय. मग ही मागची शीर स्वतःचं काम करते, वर त्याचंही करते. दिवसभर ताणून धरून उभी असते बिचारी. आणि दमल्या जिवाला तुम्ही रोज सकाळी शिडीला टांगून ओढताय."

गालमिस्त्री आभाळाकडे बघत राहिला.

"आलं लक्षात," मेहुणा वरून म्हणाला. "दाजी, म्हणजे तुमच्या अंगात पण एक मेहुणा आहे. सगळं तोच करतो, आणि वर शिव्याही तोच खातो."

आता मात्र बाईही हसल्या.

"पुन्हा करा. टाचा ढुंगणाजवळ घ्या. आधी बैठक, तो झोपलेला गडी, आवळा, मग उचला. थोडीशीच. मांडी मागून बोलायला लागली की थांबा. आणि ते ओढणं आजपासून बंद. पायाला मुंग्या आल्या किंवा कंबरेतून कळ गेली तर डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे नाही. माझ्या एका खुब्यात स्टील आहे म्हणून मला एवढं माहिती. ऑपरेशननंतर सहा महिने हेच केलंय मी."

ह्या वेळी कमान बोटभरच झाली. पण गोळा आला नाही. खूप खोलवर, कधीच न उघडलेल्या खोलीत कुणीतरी कूस बदलावी, तसं काहीतरी त्याला जाणवलं. आणि मग ते पुन्हा झोपलं.

*

मग रोजचंच झालं.

सकाळी बारा कमानी. मग कुशीवर वळून गुडघे वाकवायचे, टाचा एकमेकींना चिकटलेल्या, आणि वरचा गुडघा उघडायचा, मिटायचा. ह्याला बाई शिंपला म्हणायच्या. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा दोन्ही मांड्यांना बांधून आडवं चालायचं, खेकड्यासारखं, लेनच्या काळ्या पट्टीवरून. शेवटी भिंतीकडे पाठ करून फूटभर पुढे उभं राहायचं आणि पाठ न वाकवता ढुंगण मागे नेऊन भिंतीला लावायचं.

"हे कशाला?" त्याने विचारलं होतं.

"तुम्ही कंबरेतून वाकता. खुब्यातून वाकायला शिका. बिजागरी तिथे आहे."

तिसऱ्या लेनमध्ये बाई पोहत असायच्या, दुसऱ्या लेनमध्ये हा खेकडा. मध्येच आडवा होऊन शिंपला. टिपूसभर पाणी नाही, आणि तलाव जिवंत झाला होता. मेहुणा कठड्यावर पाय सोडून चहा पीत बघत बसायचा आणि म्हणायचा, "कुणी तिकीट लावा रे ह्याला."

ओढायचं नाही, हेच सगळ्यात अवघड होतं. हात शिवशिवायचे. शिडी दिसली की पाय आपोआप उचलला जायचा. पहिल्या आठवड्यात तर फरक काहीच नाही. दुसऱ्यातही नाही. घरी कॉटशेजारी आडवा पडून तो कमानी करायचा तेव्हा बायको भाजी निवडता निवडता विचारायची, "अहो, उठलं का ते?"

"कोण?"

"तुमचं ते झोपलेलं."

"कूस बदलतंय."

"मग हाक मारा मोठ्याने. माझ्या भावाला उठवायला आई तांब्याभर पाणी ओतायची."

एकदा तिने खरंच हात लावून बघितलं, पीठ मळलंय का बघावं तसं. "आहे की," म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. गालमिस्त्रीला का कोण जाणे, त्या दिवशी फार बरं वाटलं.

दुपारी डबा खाऊन खोल बाजूच्या सावलीत तो पडायचा तेव्हा त्याला एक स्वप्न पडायचं. तलाव भरलाय आणि तो तळाशी काम करतोय. श्वासाचं काही अडत नाहीये. टाइल वरून एकेक करत खाली येतायत, झाडावरून पान गळावं तशा, डुलत डुलत. त्याला वाकायला लागत नाही. तो फक्त हात पुढे करतो, टाइल तळव्यावर येऊन बसते, आणि तो ती हवेत ठेवतो तरी ती जागच्या जागी बसते. वरून कुणीतरी हाक मारतं, पण हाक इतकी उशिरा पोचते की तोवर तो जागा झालेला असतो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तो खेकडा चालत होता आणि त्याच्या लक्षात आलं, की मांडीच्या मागचं कुणी बोलतच नाहीये. तो थांबला. घरात सतत गुणगुणणारा फ्रिज बंद पडला की कसं अचानक ऐकू यायला लागतं, तसं झालं. तो जागीच उभा राहिला. खुब्यामागचा तो मोठा गडी जागा होता. दुखत होता, पण कामावर आला होता.

पाचव्या लेनला तो हळूहळू गुडघ्यावर आला होताच. सहावी त्याने हातोडीने बसवली, प्रत्येक टाइल, कोपरा न् कोपरा. मेहुण्याचा हात दोनदाच लागला.

*

सोमवारी पाणी सोडायचं होतं. आदल्या शनिवारी, ऊन तिरपं असतानाच, गालमिस्त्री पहिल्या लेनच्या टोकाशी गेला. ढुंगण मागे नेलं, नसलेल्या भिंतीला टेकवावं तसं. गुडघे टेकले. हात टेकले. आणि बऱ्याच दिवसांनी फरशीला गाल लागला.

थंड. गुळगुळीत. ओळखीची.

तो उठला. कुणी नव्हतं हात द्यायला, मेहुणा वर पाइप जोडत होता. अर्ध्यावर आला तेव्हा त्याने श्वास रोखला, कारण शीर नेहमी इथेच धरायची. धरली नाही. तो उभा राहिला आणि उगाचच स्वतःभोवती एक गिरकी घेतली. कुणी बघितलं नाही ना, हेही बघितलं.

दुसरी लेन. तिसरी. गाल लावायचा, सरकायचं, उठायचं. मग चौथी.

चौथीच्या उतारावर एक टाइल होती, जिने आधीच दोनदा दगा दिला होता. तडकली, बदलली. पुन्हा तडकली, पुन्हा बदलली. खोक्यातला मालच खराब, असं त्याने मेहुण्याला सांगितलं होतं. आता गाल लावला तर कड सरळ होती. पण कान टाइलला लागलेला होता आणि सवयीने त्याने थापीच्या मुठीने टकटक केली. मधे: टक. कोपऱ्यात: डब.

शेजारची वाजवली. टक. डब.

खालची. टक. डब, डब.

टाच मधेच पडते. मधे मसाला दाबला जातो, कोपरे पोकळच राहतात. पोकळ कोपऱ्यांचा सगळा भार ती एक टाइल खात होती, आणि हा तिलाच बदलत बसला होता.

तो उतारावर बसून राहिला. मेहुणा खाली आला, त्याने पण दोन-चार वाजवून बघितल्या.  मग म्हणाला, "दाजी, पाणी आल्यावर कोण वाजवून बघणार आहे? मासे?"

गालमिस्त्री हसला नाही.

"मला माहीत होतं," मेहुणा म्हणाला. "टाचेने दाबत होतात ते. मी वरून बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? तुमचा पाय असा. तुम्ही रोज शिडीला लटकलेले." तो थापीने जमीन खरवडत राहिला. "म्हणून तर म्हटलं, वर उभे राहा."

टाइल दिसायला छान होती. सगळ्या एका रेषेत होत्या. गालाला पास झालेल्या होत्या. सोमवारी पाणी आलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

तेवढ्यात बाई पोहत आल्या.

गालमिस्त्री उभा राहिला. "मॅडम, सोमवारी पाणी नको."

बाईंचा एक हात पुढे, एक मागे, तसाच थांबला. त्याने सगळं सांगितलं. टाच, सहा दिवस, पोकळ कोपरे. मान खाली घालून नाही, पण नजर त्यांच्या चेहऱ्यावरही नव्हती.

"किती दिवस लागतील?"

"पाच. तीन बसवायला, दोन वाळायला."

बाईंनी हात खाली सोडले. त्या अचानक म्हाताऱ्या दिसल्या. "बहात्तर दिवस मी कोरडी पोहतेय, मिस्त्री."

"हो मॅडम."

"आणि मी तर तळाला पायही लावत नाही."

"तुम्ही नाही लावणार. शिकायला येणारी पोरं लावतील. कोपरा उचकटला की ब्लेडसारखा कापतो."

भिंतीने "कापतो" म्हटलं, उशिराने.

बाईंनी त्या उताराकडे बघितलं. मग डोळ्यांवर नसलेला पोहायचा चष्मा वर केल्यासारखं केलं. "ऑफिसात मी सांगते. तुम्ही खाली बघा."

*

एकसष्ट टाइल निघाल्या. छिन्नी, खरवडणं, झाडणं, दातेरी थापीने नवा मसाला. प्रत्येक टाइलसाठी एकदा खाली, एकदा वर. मेहुणा टाइल कापून हातात द्यायचा. पहिल्या दहा वेळा सवयीने त्याने हात पुढे केला. मग हात खिशात घातला आणि मोजायला लागला.

"सतरा... अठरा... दाजी, पाणी प्या... एकोणीस..."

चाळीसच्या आसपास मांडी मागून पुन्हा बोलायला लागली. गालमिस्त्री तिथेच उताणा झाला, टाचा जवळ घेतल्या, दहा कमानी केल्या. आभाळ वर गेलं, खाली आलं. मग उठला. एक्केचाळीस. असं नाही की पाय लहान पोरासारखे झाले. अंगठा अजूनही हाताला लागत नव्हताच. पण अंगठ्याशी त्याला काही काम नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेवटची टाइल बसली. त्याने चारी कोपरे वाजवले. टक, टक, टक, टक. मेहुण्याने खिशातून हात काढला आणि म्हणाला, "एकसष्ट वेळा खाली, एकसष्ट वेळा वर. माझा हात एकदाही नाही." मग जरा थांबून, "पुढच्या कामाला वर कोण उभं राहणार?"

"तू. बोट चांगलं दाखवतोस."

मसाला वाळल्यावर सकाळच्या उन्हात त्याने सहाही लेनला गाल लावला. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

पाणी भरायला दोन दिवस लागले. आधी खोल बाजूला एक चकाकतं डबकं, मग ते उतारावरून चढत, चौथ्या लेनवरून चढत, उथळ बाजूला पोचलं. बाईंनी पहिली उडी मारली, तेव्हा त्या सत्तरीच्या वाटल्या नाहीत. कुठल्याच वयाच्या वाटल्या नाहीत.

मग त्या कठड्यापाशी आल्या. "या."

"मला पोहता येत नाही, मॅडम."

"तलाव बांधता आणि पोहता येत नाही?"

"सांगा त्यांना," मेहुणा म्हणाला. "अंघोळही बादलीने करतात, घाबरत घाबरत."

कसाबसा तो उथळ बाजूला उतरला. बाईंनी पाठीखाली तळवा धरला, म्हणाल्या, "मागे रेला." तो रेलला. डोकं तरंगलं, पाय मात्र दगडासारखे खाली चालले. घाबरून त्याने त्यांचा दंड पकडला.

"सोडा. कमान करा."

"इथे?"

"मग काय गादी मागवू?"

त्याने बैठक आवळली. कंबर वर आली. आणि कंबरेमागून पाय, दोन्ही, काही न ओढता, कुणी न सांगता, हळूहळू वर आले. पाठीखालचा तळवा कधी निघून गेला त्याला कळलं नाही. मांडीच्या मागे काहीही नव्हतं, नुसतं पाणी. वर तोच आभाळाचा लांबट तुकडा. खाली कुठेतरी चौथ्या लेनच्या एकसष्ट टाइल, टक वाजणाऱ्या.

कठड्यावरून मेहुणा हातवारे करून काहीतरी ओरडत होता. कानात पाणी होतं. आवाज यायला उशीर लागणार होता.

गालमिस्त्रीने सावकाश मान वळवली. गाल पाण्याला लागला. त्याने एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. कुठेच कड वर आलेली नव्हती.